घसा धरला, ताप आला, तर ‘विष बाहेर पडतंय’? थायरॉइडच्या गोळीवरच्या त्या मेसेजला उत्तर

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांसाठी म्हणून एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. वर लाल दिवे, खाली जोडलेले हात आणि सही ‘एक निवृत्त सर्जन’. नाव नाही, गाव नाही. मी मेडिकल चालवते, त्यामुळे मोबाइल पुढे करून ‘हे खरं का हो ताई?’ असं विचारणारे रोजचेच. त्यांना दोन वाक्यांत उत्तर देऊन मी पुढची चिठ्ठी हातात घेते. पण परवा हाच मेसेज माझ्या मावशीनं मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘कालपासून घसा धरलाय, अंगात कणकण आहे. हे विषच बाहेर पडतंय ना गं? काढा सुरू केलाय.’ मावशी दोनेक महिने कार्बिमॅझोल ही थायरॉइडची गोळी घेतेय. तेव्हा आता दोन वाक्यांत भागणार नाही.

मेसेज म्हणतो ते असं: ही गोळी एकदा लागली की आयुष्यभर सुटत नाही. ती पांढऱ्या पेशी मारते आणि लिव्हर सडवते. गोळी चालू असताना ताप आला, घसा दुखला, तोंड आलं तर ते शरीर विष बाहेर टाकतंय, रक्तबिक्त तपासू नका, तीन दिवस काढा घ्या. रोज सकाळी धन्याचं पाणी आणि अश्वगंधा घेतली की ४५ दिवसांत थायरॉइड मुळापासून जातो. रिपोर्ट नॉर्मल आला की गोळी त्याच दिवशी फेकून द्या. दिवस गेले तर तर विचारूच नका, बाळ व्यंग घेऊन येतं. आयोडीनचं मीठ बंद करा. आणि हे सगळं परदेशी कंपन्यांचं कारस्थान आहे.

यातल्या एका मुद्द्यानं माणूस मरू शकतो. त्याच्याकडे मी येतेच, पण आधी मुळातला घोळ निस्तरावा लागेल. ‘थायरॉइडची गोळी’ अशी एकच गोळी नसते. मानेतल्या त्या ग्रंथीचं काम मंदावलं तर बाहेरून हार्मोन द्यावं लागतं, ती थायरॉक्सिनची गोळी. ग्रंथी गरजेपेक्षा जास्त चालायला लागली, म्हणजे छातीत धडधड, हाताला कंप, भूक असून वजन उतरणं, घाम, झोप नाही, चिडचिड, तर ती आवरायला द्यायची गोळी अगदी उलट कामाची. आपल्याकडे ती बहुतेक कार्बिमॅझोल असते, लोकांच्या तोंडात ‘निओमर्कॅझोल’. एक हार्मोन पुरवते, दुसरी ते बनू देत नाही. मेसेज लिहिणाऱ्यानं दोन्हींची एकच खिचडी केलीय. पहिलं वाक्य थायरॉक्सिनचं, दुसरं कार्बिमॅझोलचं, तिसरं कशाचं ते त्यालाच माहीत.

आणि हा घोळ फक्त मेसेजमध्ये नाही, आमच्या काउंटरवरही रोज असतो. ‘जाऊबाईंची ५० ची आहे, माझी १० चीच, म्हणजे मला थायरॉइड कमी आहे ना?’ नाही हो. त्यांची ५० मायक्रोग्रॅमची थायरॉक्सिन, तुमची १० मिलिग्रॅमची कार्बिमॅझोल. आकड्यांची तुलनाच होत नाही. ‘माझी संपलीय, आज तिचीच घेते’ असं करून ग्रंथी जोरात चालणाऱ्या बाईनं थायरॉक्सिन घेतलं तर ते आगीत तेल. ‘मला थायरॉइड आहे’ एवढं वाक्य पुरत नाही. टीएसएच (ग्रंथीला कामाला लावणारा मेंदूकडचा हुकूम) खाली आणि टी३-टी४ (ग्रंथीची स्वतःची हार्मोन) वर, म्हणजे ग्रंथी जास्त चालतेय, की त्याच्या उलट, हे रिपोर्टवर बघून ठेवा. पुढचं सगळं मी जास्त चालणाऱ्या थायरॉइडबद्दल लिहितेय.

आता तो ताप.

कार्बिमॅझोल शरीरात जाऊन मेथिमॅझोल होतं, आणि या जातीच्या औषधांनी क्वचित, हजारात साधारण दोन ते पाच जणांमध्ये, रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी एकाएकी जवळजवळ संपतात. याला अ‍ॅग्रॅन्युलोसायटोसिस म्हणतात. न्यूट्रोफिल म्हणजे जंतुसंसर्गाला पहिला अडवणारा पहारा. तोच नसला की साधा घशाचा संसर्ग बघता बघता रक्तात उतरतो. हे बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत होतं, पण नंतर होणारच नाही असं नाही. आणि त्याची पहिली खूण कोणती? ताप, घसा दुखणं, तोंडात फोड. म्हणजे मेसेजनं जी लक्षणं ‘घाबरू नका’ म्हणून दिलीत, नेमकी तीच. हा माणूस योगायोगानं तिथे पोचला की कुठलीतरी माहिती वाचून त्यानं ती उलटी केली, मला कळत नाही. पण इतकं अचूक चुकीचं लिहायला सहसा जमत नाही.

कोणी म्हणेल, ही एका मेडिकलवालीची मतं. तर अमेरिकन थायरॉइड असोसिएशनची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं बघा. जगभरचे एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर, ती वापरतात, आपल्याकडचेही. त्यात स्वच्छ लिहिलंय: ही औषधं घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाची, ताप येईल तेव्हा आणि घसा दुखायला लागेल तेव्हा, पांढऱ्या पेशींची प्रकारवार मोजणी करावी. प्रत्येक रुग्णाची, ‘तीन दिवस वाट बघून’ नाही. शिवाय अंगाला खाज सुटून पुरळ, कावीळ, गडद लघवी, पांढुरकी शौच, सांधेदुखी, पोटदुखी, मळमळ, थकवा, ताप, घसादुखी यांपैकी काही झालं तर ताबडतोब डॉक्टरांना कळवायचं, हे रुग्णाला आधीच सांगावं, शक्यतो लेखी द्यावं, असंही त्यात आहे. लेखी! आपल्याकडे चिठ्ठीवर डोस वाचता आला तरी खूप. इथे मला डॉक्टरांवरही रागावायचंय. ओपीडीत साठ माणसं बाहेर बसलेली असतात हे मान्य, पण ‘ताप आला, घसा दुखला तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी’ (रक्तपेशींची मोजणी) हे एक वाक्य चिठ्ठीच्या कोपऱ्यात मावतं. ते कुणी लिहीत नाही, म्हणून मग निवृत्त सर्जन लिहितात.

करायचं काय, तर हे. ताप आला किंवा घसा धरला की पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी सीबीसी करा, ‘डिफरन्शियल’सकट, म्हणजे त्या प्रकारवार मोजणीसकट. ही तपासणी काही अप्रूपाची नाही. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट बघायला आपण जी करतो तीच, त्याच कागदावर न्यूट्रोफिल असतात, फक्त आपली नजर प्लेटलेटवरून खाली सरकत नाही. रविवार असला तर तालुक्याच्या दवाखान्यात किंवा जवळच्या हॉस्पिटलात जा, सोमवारची वाट बघू नका. जिथे जाल तिथे पहिलं वाक्य ‘मी थायरॉइडची कार्बिमॅझोल घेतेय’ हे असू द्या, कारण डेंग्यूतही पांढऱ्या पेशी उतरतात आणि समोरच्या नवख्या डॉक्टरला तुमच्या गोळीचा पत्ताच नसतो. नुसतं क्रोसिन घेऊन ताप दाबायचा आणि कामाला लागायचं, हे या गोळीवर असताना चालत नाही. पेशी ठीक असतील तर डॉक्टर गोळी पुन्हा सुरू करायला सांगतील. पेशी खरंच पडल्या असतील तर दाखल व्हावं लागतं, आणि ती गोळी परत आयुष्यात घ्यायची नाही. तिच्या जागी तिची बहीण प्रोपिलथायोयुरासिलही नाही, कारण तिच्यानंही तेच होऊ शकतं.

मावशीला मी फोनवर ओरडले. ‘अगं पण साधा घसाच तर आहे,’ हे तिचं पालुपद. संध्याकाळी सीबीसीचा रिपोर्ट आला, पेशी व्यवस्थित होत्या, साधा व्हायरल होता. दोन दिवसांनी डॉक्टरांनी गोळी परत सुरू केली. ‘बघ, काही नव्हतं,’ असं ती आता मलाच ऐकवते. बहुतेकांचं असंच निघणार, हजारातल्या साडेनऊशेहून अधिकांचं. पण काही नव्हतं हे रिपोर्टनं सांगितलं. काढ्याला ते सांगता येत नाही.

‘गोळी पांढऱ्या पेशी मारते, लिव्हर सडवते.’ अर्धं खरं आहे, आणि ते मान्य करताना मला दात-ओठ खावे लागतायत. पेशींचं वर आलंच. लिव्हरचं असं की कार्बिमॅझोलनं क्वचित पित्त अडून कावीळ होते. प्रोपिलथायोयुरासिलचं प्रकरण जास्त गंभीर: तिच्यामुळे यकृत निकामी झाल्याच्या घटनांवरून अमेरिकेच्या औषध नियामकानं (एफडीए) २०१० मध्ये तिच्यावर सर्वांत कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. म्हणूनच आज ती पहिल्या पसंतीची राहिलेली नाही, काही ठरावीक प्रसंगीच देतात. ब्रिटनच्या औषध नियामकानं २०१९ मध्ये कार्बिमॅझोलनं स्वादुपिंडाला सूज येऊ शकते असाही इशारा दिला, म्हणजे पोटात एकदम जोराची कळ आली तर तेही दुर्लक्ष करण्यासारखं नाही. पण ‘क्वचित होतं’ आणि ‘सडवते’ यांत फरक आहे. गोळी सुरू करण्याआधी एकदा सीबीसी आणि लिव्हरची तपासणी करून ठेवतात. जास्त चाललेल्या थायरॉइडनंच कधी कधी हे आकडे आधी बिघडलेले असतात, नंतर दोष गोळीला जातो. तुमची ती तपासणी झाली नसेल तर विचारा. अंगाला नुसती थोडी खाज किंवा पुरळ, हे शंभरात पाचेक जणांना होतं आणि त्यावर उपाय असतो. तेवढ्यानं घाबरून स्वतःच गोळी टाकू नये, फोन करावा.

आणि गोळी न घेता बसलं तर काय होतं, ते मेसेजमध्ये कुठंच नाही. हृदयाचे ठोके अनियमित होणं, त्यातून रक्ताची गुठळी आणि पक्षाघात, हाडं ठिसूळ होणं, हृदय थकणं. आणि एकाएकी गोळी बंद केल्यावर, विशेषतः अंगात दुसरा संसर्ग असताना, थायरॉइड स्टॉर्म उठू शकतं: प्रचंड ताप, नाडी बेफाम, भ्रम. हॉस्पिटलात असूनही त्यात दहातला एखादा जातो. म्हणून तापात गोळी थांबवायची ती त्याच दिवशी तपासणी करून डॉक्टर सांगेपर्यंतच, काढ्याच्या भरवशावर नाही.

‘एकदा लागली की सुटत नाही.’ थायरॉक्सिनबद्दल म्हणाल तर बऱ्याच जणांच्या बाबतीत बरोबर. कार्बिमॅझोलबद्दल साफ खोटं. ग्रेव्ह्ज आजारात, म्हणजे शरीराच्याच अँटिबॉडी ग्रंथीला सतत टाच मारत असतात त्या प्रकारात, ही गोळी साधारण १२ ते १८ महिने देतात. मग त्या अँटिबॉडी रक्तात उरल्यात का ते बघून थांबवतात. निम्म्याच्या आसपास लोकांचा आजार पुन्हा उठतो, हेही खरं. तेव्हा कमी डोस पुढे चालू ठेवायचा, शस्त्रक्रिया करायची की किरणोत्सारी आयोडीन घ्यायचं, हे ठरवता येतं. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे आणि थायरॉइडचे कितीतरी रुग्ण तिथून उपचार घेऊन आलेत, तेव्हा हे काही अमेरिकेला जाऊन करायचं काम नाही. या दोन्ही उपायांनंतर ग्रंथी मंदावते किंवा उरत नाही, आणि मग थायरॉक्सिन आयुष्यभर लागतं. ‘सुटत नाही’ ही अफवा बहुधा इथून निघाली. आणि हो, सर्जनसाहेब: ग्रेव्ह्जच्या रुग्णाची ग्रंथी काढायच्या आधी हार्मोन ताब्यात आणतात ते याच गोळ्यांनी. तुम्ही निवृत्त कुठून झालात?

सगळ्या प्रकारांत मात्र ही गोळी लागत नाही. ग्रंथीला सूज येऊन साठवलेलं हार्मोन नुसतं गळत असेल, बाळंतपणानंतर असं होतं, तर गोळीचा उपयोगच नसतो, काही आठवड्यांत ते आपोआप ओसरतं. म्हणून ‘टीएसएच कमी’ एवढ्यावर मागच्या वेळची चिठ्ठी काढून माझ्याकडे येऊ नका.

‘रिपोर्ट नॉर्मल, गोळी फेका.’ रिपोर्ट गोळीमुळे नॉर्मल आलाय. आजार अजून तिथेच आहे. इथे अजून एक गंमत लोकांना कुणी सांगत नाही. गोळी नवीन हार्मोन बनणं थांबवते, पण ग्रंथीत आधीच साठलेला माल संपायला काही आठवडे जातात. म्हणून पहिल्या आठवड्यात ‘काहीच फरक नाही’ असं वाटतं. तोवर धडधडीसाठी डॉक्टर प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी जोडतात (दमा असेल तर तसं आधी सांगा, दम्यात ती चालत नाही). आणि टी४ ताळ्यावर आल्यावरही टीएसएच कित्येक महिने तळाशी चिकटून राहू शकतं. नुसतं टीएसएच बघून कुणी डोस वाढवत नेला तर माणूस उलटा मंद थायरॉइडमध्ये जातो: वजन वाढतं, थंडी वाजते, सुस्ती येते. म्हणून सुरुवातीच्या काळात दर चार-सहा आठवड्यांनी टी३-टी४ सकट तपासणी, मग डोस पायरीपायरीनं खाली. इंटरनेटवरच्या अमेरिकन पानांवरचा डोस बघून तुमच्या डोसशी ताडू नका. तिकडे मेथिमॅझोल देतात, १० मिलिग्रॅम कार्बिमॅझोल म्हणजे साधारण ६ मिलिग्रॅम मेथिमॅझोल.

आता ४५ दिवसांचा रामबाण. धन्याच्या पाण्यावर माझा काही राग नाही. उन्हाळ्यात आमच्याकडेही पितात. त्यानं ग्रेव्ह्ज बरा झाल्याचा पुरावा कुठे नाही, पण पिऊन कुणाचं वाईटही होणार नाही. गोळी सोडून प्यायलात तर मात्र होईल. खरा धोका त्याच ओळीतल्या अश्वगंधेत आहे. ती थायरॉइडचं हार्मोन वाढवते. मंद थायरॉइडच्या रुग्णांवरच्या २०१८ च्या एका चाचणीत टी३-टी४ वाढलेले दिसले, आणि तिच्या सेवनानंतर थायरॉइड जोरात गेल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. म्हणजे जी ग्रंथी आधीच धावतेय तिला आणखी चाबूक. इथेही मूळ तेच: मंद थायरॉइडसाठीचा नुस्खा उचलून ‘थायरॉइड’च्या नावाखाली सगळ्यांना वाटला. कुठलाही शिकलेला वैद्य नाडी न बघता, प्रकार न विचारता सरसकट अश्वगंधा देणार नाही. समुद्री शेवाळाच्या गोळ्यांचंही तेच, त्यांत आयोडीन ठासून भरलेलं असतं.

केस गळतात म्हणून घेतलेलं बायोटिन हे जीवनसत्त्व ही आणखी एक भानगड. जास्त चाललेल्या थायरॉइडमध्ये केस गळतातच, त्यामुळे या रुग्णांच्या पर्समध्ये ते हमखास सापडतं. ते थायरॉइड बिघडवत नाही, रिपोर्ट बिघडवतं: काही तपासण्यांत टीएसएच खोटंच कमी आणि टी४ खोटंच जास्त दिसतं. अशा खोट्या रिपोर्टवर डोस वाढू शकतो. रक्त द्यायच्या किमान दोन दिवस आधी बंद ठेवा आणि लॅबला सांगा.

गरोदरपणाचा मुद्दा मला घाईत उरकायचा नाही, कारण यात सत्याचा अंश आहे आणि मेसेजनं त्याची भीती करून ठेवलीय. पहिल्या तिमाहीत, विशेषतः सहाव्या ते दहाव्या आठवड्यात, कार्बिमॅझोलनं बाळात काही व्यंगं येण्याचा धोका वाढतो: डोक्यावर एखाद्या जागी त्वचाच न बनणं, नाकाची मागची वाट किंवा अन्ननलिका बंद असणं. ब्रिटिश नियामकानं २०१९ मध्ये म्हणूनच मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना या गोळीवर असताना खात्रीचं गर्भनिरोधन वापरायला सांगितलं. पण यावर ‘दिवस गेले की सगळं बंद करून घरी बसा’ हा उपाय नाही. आवरलेला नसलेला थायरॉइड गर्भपात, मुदतीआधी बाळंतपण, आईचा वाढलेला रक्तदाब आणि थकलेलं हृदय घेऊन येतो. वर ज्या प्रोपिलथायोयुरासिलला मी नावं ठेवली ती इथेच कामाला येते, पहिल्या तिमाहीत तिच्यावर बदली करतात. काही जणींची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवताही येते. म्हणून पाळी चुकली की त्याच दिवशी चाचणी आणि लगेच डॉक्टरांना फोन. त्याहून चांगलं म्हणजे मूल हवंय हे आधीच सांगणं. सासूबाईंसमोर डॉक्टरांना हे सांगायला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. मग मला सांगा, मी चिठ्ठी लिहून देते. एक मात्र: पहिल्या महिन्यांत खूप उलट्या होणाऱ्या बाईचं टीएसएच गरोदरपणामुळेच खाली जाऊ शकतं, त्याला गोळी लागत नाही.

उरलेलं चटकन. मीठ: घरातलं रोजचं आयोडीनयुक्त मीठ बदलून ग्रेव्ह्ज बरा होत नाही, आणि घरातल्या लेकरांना आयोडीन हवंय, अख्ख्या घराला सैंधवावर नेऊ नका. कच्चा कोबी थायरॉइडला चालत नाही असं म्हणतात: खा, आवडत असेल तर. विडी-सिगारेट: हे मेसेजमध्ये नाही, पण असायला हवं होतं, ग्रेव्ह्जमध्ये डोळे बटबटीत होण्याचा त्रास त्यानं खरंच वाढतो. परदेशी कंपन्यांचं कारस्थान: या जातीचं औषध बोस्टनच्या अ‍ॅस्टवूड नावाच्या डॉक्टरांनी १९४३ मध्ये रुग्णांवर वापरलं. ऐंशी वर्षं जुन्या जातीचं, पेटंट केव्हाच संपलेलं, आपल्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतलं औषध आहे हे. यावर कुणी बंगला बांधत नाही. अश्वगंधेच्या डब्यावर मला जास्त कमिशन सुटतं.

मेसेज वाचून ज्यांनी गोळी आधीच बंद केलीय त्यांच्यासाठी: आज रात्री स्वतःहून जुन्या डोसवर परत सुरू करू नका. मधे खंड पडला असेल तर डोस बदललेला असू शकतो, आणि पेशींच्या बाबतीत पहिल्या तीन महिन्यांसारखंच सावध पुन्हा राहावं लागतं. डॉक्टरांना फोन करून ‘इतके दिवस बंद होती’ हे खरं सांगा, टी३, टी४, टीएसएच आणि सीबीसी करून घ्या. छातीत सारखी धडधड, जोराचा ताप किंवा बरळणं असेल तर फोनवर न थांबता सरळ हॉस्पिटल गाठा. रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर तेही सांगा, थायरॉइड वर-खाली झाला की तिचा डोस बदलावा लागतो. आणि जाताना उरलेल्या गोळ्या सोबत न्या. ५ ची आहे, १० ची की २० ची, हे पाठ असल्याचं सगळेच सांगतात आणि निम्म्यांचं चुकतं.